मदत हवी आहे: ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधांची प्लासिबोमार्गे (बिनऔषधाच्या गोळीमार्गे) तुलना चालेल का?

नमस्कार मंडळी. पुण्यात एमडी फार्माकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिसिससाठी नेटवर्क मेटा-अ‍ॅनालिसिस (बऱ्याच ट्रायल्स एकत्र जोडून औषधांची तुलना) हौसेने अंगावर घेतलं आणि आता अडकलोय.

ग्लिप्टिन विरुद्ध प्लासिबो आणि ग्लिफ्लोझिन विरुद्ध प्लासिबो, अशा ट्रायल्स आहेत. दोघांची थेट तुलना करणारी एकही ट्रायल माझ्या निकषांत बसली नाही. म्हणून बुखर पद्धतीने दोघांच्या प्लासिबोविरुद्धच्या निकालांची वजाबाकी केली. दोन्हीकडे आय-स्क्वेअर (ट्रायल्सच्या निकालांमधली तफावत दाखवणारा आकडा) कमी आला. गाइड सर म्हणाले, "झालं की, लिहायला घे."

काल रात्री टिळक रोडवरून आणलेल्या झेरॉक्स मेसच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि पोटात गोळा आला. ग्लिप्टिनच्या दोन ट्रायल्समध्ये सगळेच किडनीचे पेशंट, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या आत. ग्लिफ्लोझिनवाल्यांनी ६० च्या खालचं कुणी घेतलेलंच नाही! ते औषध साखर लघवीवाटे काढतं, म्हणजे किडनी मंदावली की एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) कमी उतरणार. आर या सॉफ्टवेअरमध्ये नोड-स्प्लिट (पुरावे एकमेकांशी जुळतात का ही तपासणी) चालवलं, तर काहीच येत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद: आय-स्क्वेअर एकाच तुलनेतल्या ट्रायल्सचं आपसात किती जमतं ते सांगतो. ग्लिप्टिनचे आणि ग्लिफ्लोझिनचे पेशंट एकमेकांसारखे आहेत का, हे त्याला कळत नाही. नोड-स्प्लिटला थेट आणि आडमार्गाचा (प्लासिबोमार्गे काढलेला), असे दोन्ही पुरावे लागतात. तुझ्याकडे थेट नाहीच, मग तो ताडून कशाशी बघणार?

तुझा प्रश्न ट्रान्झिटिव्हिटीचा, म्हणजे दोन्हीकडचे पेशंट तुलना करण्याइतके सारखे आहेत का याचा आहे आणि तो झेरॉक्सवरच सुटेल. ईजीएफआर २५ चा पेशंट त्या ग्लिफ्लोझिन ट्रायलमध्ये शिरू शकला असता का? नाही ना? मग ग्लिप्टिनच्या त्या दोन ट्रायल्स काढून गणित परत कर. हे नंतर सुचलं, असं थिसिसमध्ये स्पष्ट लिही. सुरुवातीचा एचबीए१सीही बघ. तो जास्त असेल तर घटही जास्त दिसते. मेटा-रिग्रेशनच्या (ट्रायल्समधल्या फरकांचा निकालावरचा परिणाम गणिताने काढण्याच्या) नादी लागू नकोस, एवढ्याशा ट्रायल्सवर ते पेलत नाही.

आणि स्टँडर्ड एररची (निकालातल्या अनिश्चिततेच्या आकड्याची) वजाबाकी केली नाहीस ना? ०.१५ आणि ०.२० असतील तर वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन ०.२५ येतो, ०.०५ नाही.

धागाकर्ता: ...केली होती. दुरुस्त केलं. दोन ट्रायल्स काढल्यावर फरकही बदलला. आता सरांना कोण सांगणार?

प्रतिसाद: ओपीडी संपल्यावर जा. आधी तक्ता पुढे ठेव, मग तोंड उघड.