आजोबांच्या पेटीतली ही हत्यारं कसली? ओळखायला मदत हवी आहे (फोटो दिलेत)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात चरईतली आमची इमारत पाडायला निघाली आहे. महिनाअखेर जागा खाली करायची, म्हणून रविवारी माळा उपसला. हंडे, घागरी, मखराच्या पट्ट्या असं सगळं निघालं आणि पार मागे आजोबांची पत्र्याची पेटी. आजोबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. पेटीला कुणी हात लावायचा नाही असा त्यांचा दंडक होता, आणि ते गेल्यावरही तो पाळला गेला. भंगारवाला किलोवर न्यायला टपलाय, त्याला शनिवारपर्यंत थांबवलंय.

हातोडी, छिन्नी, पकड, कानशी ओळखू आल्या. चार वस्तूंपाशी अडलंय. मोबाइलमधल्या ॲपला विचारलं तर त्याच्या मते पहिली वस्तू गिअर आणि दुसरी सुरा, म्हणून इथे आले.

फोटो १: पोलादी गोल चकती. कडेला सगळीकडून खाचा, प्रत्येक खाचेच्या आतल्या टोकाला गोल भोक. खाचांना १ ते ३६ आकडे. मागच्या बाजूला पूर्णांक नसलेले आकडे, १० च्या मागे .१२८ असं. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवलंय.

फोटो २: कानशीसारखं तीन धारी, टोकाला निमुळतं, लाकडी मुठीचं. पण दात नाहीत. तिन्ही बाजू मधे खोलगट आणि धारा अशा की माझं बोट कापलं.

फोटो ३: पान्हा. त्यावर '७/१६ डब्ल्यू' आणि '१/२ बीएस' असं कोरलंय. पट्टीनं तोंड मोजलं तर जवळजवळ २१ मिमी! अर्धा इंच म्हणजे तर १२.७ ना? शिक्का चुकलाय का?

फोटो ४: बोटभर लांब पत्र्याची पट्टी, टोकाला केसाएवढी तार. बाकी हत्यारांपुढे अगदीच किरकोळ.

प्रतिसाद:
फोटो दिसत नाहीयेत. बाकी कुणाला दिसतायत का?

धागाकर्ती:
परत चढवले. आता बघा.

प्रतिसाद:
आता दिसले. मी ३० वर्षं मशीन शॉपमध्ये काढली, तीही वागळेलाच. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली तिथूनच झाली, तेव्हा तुमचे आजोबा आणि मी एकाच टपरीवर चहा प्यायलो असू.

नाणं ठेवलंत ते उत्तम केलंत. ते २७ मिमीचं, चकती त्याच्या साडेतीनपट दिसते. हे वायर गेज, म्हणजे तारेची जाडी मोजायचं साधन. तार खाचेत घालून बघायची, भोकात नाही. भोक फक्त तार सुटायला. आकडा वाढेल तशी तार बारीक. मागचे आकडे इंचात आहेत: १० म्हणजे .१२८ इंच, सव्वातीन मिमी. २० म्हणजे जेमतेम ०.९ मिमी. वेल्डर अजूनही दुकानात 'दहा गेजचा रॉड द्या' म्हणतात, ते यातूनच आलंय.

पान्ह्याचा शिक्का बरोबर आहे. मेट्रिकचा कायदा १९५६ चा, पण शॉपमधल्या विलायती मशिनी इंचातच राहिल्या. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ. या ब्रिटिश इंजिनिअरनं १८४१ मध्ये आट्यांचं माप ठरवलं. त्या पद्धतीत पान्ह्यावरचा आकडा तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. ७/१६ इंची व्हिटवर्थ बोल्ट आणि अर्ध्या इंची बारीक आट्यांचा बोल्ट (तुमचा 'बीएस'), दोघांचं डोकं सारखंच, ०.८२ इंच. म्हणून एकाच तोंडावर दोन आकडे. मिमीत २०.८ होतात. त्यामुळे २० मिमी डोक्याच्या बोल्टवर हा पान्हा फिरेल आणि डोकं गोल करून ठेवेल. आजच्या नटांवर वापरू नका.

फोटो २ बद्दल माझा अंदाज आहे, पण आधी एक करा. मुठीपाशी रॉकेलनं पुसा आणि जवळून फोटो टाका. वापराच्या टोकाचे फोटो सगळेच टाकतात. वस्तू मुळात काय होती ते दुसऱ्या टोकाला कळतं.

धागाकर्ती:
काका, पुसलं. गंज आणि काळं ग्रीस गेल्यावर मुठीलगत पेरभर भागात दात दिसले. कानशीचेच! फोटो ५ बघा.

प्रतिसाद:
मग नक्की. हा स्क्रेपर, आणि आजोबांनी जुन्या तिकोनी कानशीचे दात ग्राइंडरवर घासून घरीच केलेला. बेअरिंगच्या बुशसाठी, म्हणजे शाफ्ट (दांडा) ज्यात फिरतो त्या नळीसाठी. शाफ्टला निळा रंग पातळ लावायचा, बुशमध्ये ठेवून फिरवायचा. जिथे उंचवटा तिथे निळा लागतो. तेवढाच भाग यानं खरवडायचा, पुन्हा रंग, पुन्हा खरवड. निळे ठिपके सगळीकडे सारखे उठेपर्यंत हेच. एका बुशला दिवस जायचा आणि वरून सुपरवायझर विचारायचा, अजून झालं नाही? धारांना तेलाचा बोळा लावून कापडात गुंडाळा. भंगारात देऊ नका, वाटल्यास मला द्या!

पट्टी मात्र आमच्या धंद्यातली नाही.

धागाकर्ती:
स्क्रेपर देणार नाही काका, सॉरी. गेज आणि पान्हाही ठेवतेय.

पट्टीचा उलगडा झाला. आजीला मोतीबिंदू, तिला फोटो दिसेना, म्हणून पट्टी हातात दिली. तिनं तारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, ही तर स्टोव्हची पिन. म्हणजे ह्यांच्याच पेटीत होती! आणि मी अख्खं घर पालथं घातलं होतं."