स्प्रिंगचं रजिस्ट्रेशन, फॅमिली वीकेंड आणि बाकीच्या तारखा: अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा

प्रेषक: पहिल्या वर्षातल्या मुलीची आई

नमस्कार मंडळी,

आमची लेक ऑगस्टमध्ये इथे अमेरिकेत कॉलेजला गेली. कॉलेज लहान आहे, सगळी मिळून दोन हजारांच्या आत मुलं. काल पालकांसाठीचं पत्र आलं आणि वाचता वाचता माझा जीव दडपला. ऑक्टोबरमध्ये फॅमिली वीकेंड, त्याची नावनोंदणी आधीच सुरू झालेली. त्याच महिन्यात मेजर फेअर (मुख्य विषय निवडायला मदत करणारा मेळावा), परदेशातल्या सेमिस्टरची माहितीसभा आणि करिअर फेअर. नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्प्रिंगचं, म्हणजे पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन. त्याआधी ॲडव्हायजरला (कोर्स निवडायला मदत करणाऱ्या मार्गदर्शकाला) भेटायची मुदत, आणि मधेच कोर्स सोडायची शेवटची तारीख.

फॉल सेमिस्टरला तिला स्टॅटिस्टिक्स मिळालं नाही, जागा भरल्या होत्या. तसं पुन्हा होऊ नये म्हणून मी रजिस्ट्रार ऑफिसला फोन करून तिची रजिस्ट्रेशनची वेळ विचारली. बाई अतिशय नम्रपणे म्हणाल्या, ते तुमच्या मुलीलाच विचारा. खरं सांगते, मला फार लागलं ते. फी आम्ही भरायची आणि साधी तारीख सांगत नाहीत? लेकीला विचारलं तर म्हणते, "आई, मी बघते." ती बघते म्हणजे काय बघते, हे मला कसं कळणार? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी चार ओळी लिहाव्यात.

*

प्रेषक: रजिस्ट्रार ऑफिसमधून निवृत्त झालेली एक ताई

ताई,

मी अशाच एका लहान कॉलेजात बरीच वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या बाईंनी तुम्हाला टाळलं नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी खाजगी ठेवणारा १९७४ सालचा फर्पा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून त्याच्याकडे जातो, मग वय १८ च्या आत का असेना. मुलीने संमतीच्या फॉर्मवर सही केली तर ऑफिस तुमच्याशी बोलू शकतं. टॅक्समध्ये ती तुमच्यावर अवलंबून दाखवलेली असेल तर कॉलेजला माहिती देता येते, पण द्यायलाच हवी असं बंधन नाही. सगळ्यांना लागू असलेल्या तारखा मात्र उघड असतात. कॉलेजच्या साइटवर 'ॲकॅडेमिक कॅलेंडर' शोधा. फक्त तिची स्वतःची वेळ तिच्या खात्यात दिसेल. ही वेळ साधारणपणे झालेल्या क्रेडिट्सवरून (प्रत्येक कोर्सला ठरलेली अभ्यासाची एककं) ठरते, वरच्या वर्गातली मुलं आधी. बऱ्याच ठिकाणी एपीची (शाळेत दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांची) क्रेडिट्सही त्यात धरतात, म्हणून ते गुण कॉलेजच्या नोंदीत चढले आहेत ना, हे तिला आताच बघायला सांगा.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या विद्यापीठात एका कोर्सचे पाच-सहा सेक्शन असतात, सकाळचा भरला तर संध्याकाळचा मिळतो. लहान कॉलेजात बहुतेक कोर्सचा एकच सेक्शन असतो आणि वरच्या पातळीचे काही कोर्स एक वर्ष आड येतात. म्हणजे रजिस्ट्रेशनच्या दिवशी एक तास उशीर झाला तर कधी कधी तो कोर्स दोन वर्षांनी भेटतो. पण त्याच लहानपणाचा एक फायदा आहे. कोर्स कोण शिकवणार ते माहीत असतं, आणि ते प्राध्यापक दुपारी ऑफिसात बसलेले सापडतात. वर्ग भरला असला तरी जागा देण्याचा अधिकार बऱ्याचदा त्यांच्याच हातात असतो. तुम्ही जी कार्यक्रमांची यादी दिली आहे ती म्हणूनच मला मुदतींपासून वेगळी वाटत नाही. मेजर फेअर रजिस्ट्रेशनच्या आधी ठेवतात ते उगाच नाही. तिथे सगळ्या विभागांचे प्राध्यापक टेबल मांडून बसतात आणि पुढच्या सेमिस्टरला काय शिकवणार ते स्वतःच्या तोंडाने सांगतात. लेकीला तिथे स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकांना भेटू दे. नंतर जागा मिळाली नाही तर त्यांना पत्र लिहायचं. कोर्सचा क्रमांक, तो कशासाठी हवा आहे, वेटलिस्टवर कितवा नंबर आहे, आणि त्याच्यावर अवलंबून असलेला पुढचा कोर्स कोणता. एवढ्या चार गोष्टी असलेलं पत्र प्राध्यापक वाचतात. नुसत्या विनवण्या असलेल्या पत्रावर त्यांना काही करता येत नाही.

दुसरं, 'ड्रॉप' आणि 'विथड्रॉ' यात घरोघरी गोंधळ होतो. सेमिस्टरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत कोर्स सोडला तर तो ड्रॉप, ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) खूण राहत नाही. ती मुदत उलटली की विथड्रॉ, आणि ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' येतो. एका डब्ल्यूने कोणाचं आयुष्य बिघडत नाही, आणि नापास होण्यापेक्षा तो कितीतरी बरा. पण सोडल्यावर क्रेडिट्स १२ च्या खाली जात असतील तर आधी फायनान्शियल एड ऑफिसात विचारावं, कारण बऱ्याच स्कॉलरशिप पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाच असतात. शिवाय एड चालू राहण्यासाठी घेतलेल्या क्रेडिट्सपैकी किती पूर्ण केली ते मोजतात, आणि त्या मोजणीत डब्ल्यूचा कोर्स घेतलेल्या क्रेडिट्समध्ये धरला जातो, पूर्ण केलेल्यांत नाही. कोणाला पूर्ण सेमिस्टरच सोडायची वेळ आली तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. ६० टक्के सेमिस्टर होण्याआधी बाहेर पडलं तर सरकारी मदतीचा न कमावलेला भाग परत जातो, आणि त्याचं बिल घरी येतं. मी खिडकीत बसून असे रडवेले चेहरे पाहिले आहेत. एक आठवडा आधी कोणी विचारायला आलं असतं तर वाट निघाली असती.

शेवटचं, होल्ड, म्हणजे रजिस्ट्रेशन अडवून ठेवणारी खूण. रजिस्ट्रेशनच्या दिवशी सकाळी मूल लॉगिन करतं आणि पडद्यावर होल्ड दिसतो. कधी फी बाकी, कधी ॲडव्हायजरची संमती नाही, आणि आपल्या मुलांच्या बाबतीत फार वेळा लसीकरणाचे कागद. दोन आठवडे आधी खातं उघडून बघितलं तर हे सगळे निघतात.

*

प्रेषक: मंडळातली एक डॉक्टर

ताईंनी लसींचा विषय काढला म्हणून लिहिते. भारतात जन्मलेल्या मुलांचं कार्ड नीट वाचा. तिकडे गोवराची लस नवव्या महिन्यात देतात. इकडे पहिला वाढदिवस होण्याआधीचा डोस धरत नाहीत. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेला असते, गालगुंडाची लस नसते, आणि इथे तिन्ही लागतात. कार्ड भरलेलं दिसतं तरी फॉर्म परत येतो तो यामुळे. जुने कागद सापडत नसतील तर रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती दाखवूनही बहुतेक कॉलेजांत काम होतं.

टीबीच्या तपासणीचंही तसंच. बीसीजी घेतलेल्या मुलांची त्वचेवरची चाचणी त्या लसीमुळेच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे आणि धावपळ. त्याऐवजी रक्तावरची चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. निकालाला काही दिवस लागतात, ते धरून चला.

*

प्रेषक: दोन मुलांचा बाबा

आणखी एक तारीख, जी पालकांनाच भोवते. कॉलेज स्वतःचा आरोग्यविमा आपोआप बिलात घालतं. मूल २६ वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू शकतं, आणि तसं असेल तर कॉलेजचा विमा नको म्हणून फॉर्म भरता येतो. त्याला मुदत असते. थोरल्याच्या वेळी मी ती चुकवली आणि वर्षभराचे पैसे गेले. पत्र मुलाच्या कॉलेजच्या ईमेलवर आलं होतं आणि त्याला वाटलं ते बाबांचं काम. धाकटीच्या वेळी आम्ही दोघांनी मिळून एका रविवारी बसून तो फॉर्म भरला. मात्र आपला विमा त्या राज्यात चालतो का, तेही बघून घ्या.

*

प्रेषक: तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी

मावशी, मी मुलांच्या बाजूने लिहिते.

"मी बघते" म्हणणाऱ्या मुलीला खरंच बघायचं असतं. मला पहिल्या वर्षी आई रोज विचारायची, "झालं का?" आणि मी चिडून "हो" म्हणायचे, झालेलं नसताना. मग तिने प्रश्न बदलला. "तुझी वेळ किती वाजता आहे, आणि तो कोर्स नाही मिळाला तर दुसरा कोणता घेणार?" त्याचं उत्तर द्यायला मला खरंच यादी करावी लागली. रजिस्ट्रेशनला चार कोर्स हवे असतील तर सात निवडून ठेवायचे, हे मी त्यातूनच शिकले.

परदेशातल्या सेमिस्टरची सभा चुकवायला देऊ नका, जायचं ठरलं नसलं तरी. आमच्याकडे त्याचा अर्ज जवळजवळ वर्षभर आधी लागतो, आणि एक वर्ष आड येणारे कोर्स आधीच उरकावे लागतात. मला हे दुसऱ्या वर्षाच्या वसंतात कळलं. तोवर माझ्या मेजरचा एक आवश्यक कोर्स नेमका मी बाहेर असेन त्याच सेमिस्टरला लागला होता. मी गेले नाही. अजून वाईट वाटतं.

आणि कोणाला शाळेत परीक्षेला जादा वेळ मिळत असेल तर तो कॉलेजात आपोआप मिळत नाही. स्वतः ऑफिसात जाऊन मागावा लागतो. माझ्या मैत्रिणीने मिडटर्मनंतर मागितला, आणि झालेल्या परीक्षेला तो लागू झाला नाही.

*

प्रेषक: मंडळाचा कार्यवाह

करिअर फेअरबद्दल एक सूचना. ज्यांची मुलं एच-४ वर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत त्यांच्या मुलांना कॅम्पसवरची नोकरीही करता येत नाही, हे आधी सांगून ठेवा म्हणजे फेअरमध्ये हिरमोड होणार नाही. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) असेल तर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं. एच-४ वयाच्या २१ व्या वर्षी संपतो, त्यामुळे एफ-१ कडे जायचं असेल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विसाव्या वर्षीच भेटावं. एफ-१ झाल्यावर १२ क्रेडिट्सचा नियम व्हिसाचाही होतो. तिथे त्या कार्यालयाची आधी परवानगी घेतल्याशिवाय कोर्स सोडू नये, मुदतीच्या आत असला तरी.

*

प्रेषक: पहिल्या वर्षातल्या मुलीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार.

रविवारी लेकीशी बोलले. तारीख विचारली नाही, विद्यार्थिनीने सांगितलेला प्रश्न विचारला. ती दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "थांब, उघडते." खात्यावर लसीकरणाचा होल्ड होता. नवव्या महिन्यातला डोस, डॉक्टरताई म्हणाल्या तसाच. शुक्रवारी ती कॉलेजच्या दवाखान्यात रक्त द्यायला जाते आहे. मेजर फेअर तिने कॅलेंडरमध्ये घातलं आणि तिथल्या प्राध्यापकांना काय विचारायचं ते मलाच वाचून दाखवलं.

संमतीच्या फॉर्मचंही बोलणं झालं. फीच्या खात्यासाठी सही करते म्हणाली, मार्कांसाठी नाही. मला रात्री झोप जरा उशिराच लागली, पण मी हो म्हटलं.

फॅमिली वीकेंडला आम्ही दोघं जातो आहोत. त्याच बाजूच्या कॉलेजांत कोणाची मुलं असतील तर गाडीत मागच्या दोन जागा रिकाम्या आहेत. नावनोंदणी मात्र ज्याची त्याने आपल्या कॉलेजच्या साइटवर करायची आहे, आमच्याकडची पुढच्या शुक्रवारी बंद होते.