कोविडच्या साथीत विमानप्रवास: मास्क कोणता, सॅनिटायझर किती?

प्रश्न (दारव्हा तालुका): भाचा नागपूरहून दुबईला कामाला चालला. कापडी मास्क चालते का? सॅनिटायझरची अर्ध्या लिटरची बाटली हातातल्या बॅगेत नेऊ देतात का?

उत्तर १: नाही भाऊ, तपासणीतच काढून घेतील. १०० मिलीपर्यंतचीच न्या. अल्कोहोल किमान ६०% पाहा.

उत्तर २: कापडीऐवजी एन९५ मास्क घ्या. वरचा पट्टा डोक्यामागे, खालचा मानेवर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा. जोरात श्वास सोडल्यावर चष्म्यावर वाफ धरली, तर वरून गळतंय. दाढी असली तर कडा बसतच नाही, पैसे पाण्यात. व्हॉल्व्हवालं नको, सोडलेला श्वास त्यातून न गाळताच बाहेर जातो.

उत्तर ३: परतल्यावर लगेच लग्नाच्या पंगतीत बसवू नका. कोविडची लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागतात.