चाळिशीतल्या माणसाला ‘चाइल्डहूड’ कोड? हो, तोच लागतो

रात्रपाळीवाली, वडोदरा: काल इथे एका मुलीने विचारलं, अमेरिकन विम्याच्या क्लेममध्ये तोतरेपणाला आयसीडी-१० या आजारांच्या यादीतला कुठला कोड टाकायचा, तर कोणीतरी ठोकून दिलं की पेशंट १८च्या वर असेल तर सरळ एफ९८.५ टाका, एफ८०.८१ (‘चाइल्डहूड’वाला) फक्त पोरांचा. डोकंच फिरलं माझं. अहो, बघायचं ते कधी सुरू झालं, आज वय काय ते नाही. चौथ्या वर्षापासून अडखळतोय तर चाळिशीतही एफ८०.८१च. मोठेपणी सुरू झालं तर एफ९८.५, आणि स्ट्रोकनंतर असेल तर आय६९ या स्ट्रोकच्या परिणामांच्या गटातला, शेवटी २३ येणारा. डॉक्टरांच्या नोटमध्ये ‘कधीपासून’ नसेल तर मी अंदाज बांधत नाही, क्वेरी टाकते, म्हणजे त्यांनाच लेखी विचारते.

दांडियाबाजारकर: मीच लिहिलं होतं ते. इथल्या रेकॉर्ड रूममध्ये केस काळ्याचे पांढरे झाले माझे, आमच्या पुस्तकात एफ९८.५ समोर नुसतं स्टटरिंग छापलंय. एफ८०.८१ तर त्यात नाहीच!

रात्रपाळीवाली: कारण तुमचं पुस्तक डब्ल्यूएचओचं, काका. अमेरिकेचं क्लिनिकल मॉडिफिकेशन, म्हणजे त्याच यादीची त्यांनी बदललेली आवृत्ती, वेगळं; अंक तोच पण अर्थ बदललेला. आणि त्या मुलीने विचारलं होतं अमेरिकन क्लेमचंच.

मांडवीची आई: कोडचं तुम्ही बघा, पण फाइलमध्ये काय लिहितात ते बोला ना कोणीतरी. माझ्या मुलाला ‘म’ अडतो. रिक्षात बसताना त्याला आमचं ‘मांडवी’ म्हणता येत नाही म्हणून लहेरीपुरा सांगतो आणि तिथून घरापर्यंत चालत येतो, पावसातसुद्धा. आणि क्लिनिकच्या कागदावर काय, ‘आज बोलणं सुरळीत’! सासूबाईंनी वेखंड चाटवलं, बोलणी बसली, सगळं झालं.

दांडियाबाजारकर: मग अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून घ्या, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-दोष आहे.

मांडवीची आई: माझा मुलगा अपंग नाहीये. सल्ले द्यायच्या आधी नीट वाचत जा.

स्पीचवाली: अपंग म्हणवून घेण्यात कमीपणा नाही ताई, पण काका, तुम्ही कायदा तरी उघडून बघा. त्यात अफेजिया (मेंदूला इजा होऊन भाषा जाणं), लॅरिंजेक्टमी (स्वरयंत्र काढणं) अशी उदाहरणं आहेत, कारण मूळ कारण ऑर्गॅनिक (शारीरिक) किंवा न्यूरॉलॉजिकल (मेंदू-नसांचं) हवं म्हटलंय. लहानपणापासूनच्या तोतरेपणाला त्यात बसवताना लोकांच्या चपला झिजतात. आणि ‘आज सुरळीत’ हे वाक्य स्पीच थेरपिस्ट म्हणून मलाही छळतं. शब्द बदलून बोलणारा माणूस समोर बसून अर्धा तास एकदाही अडखळत नाही, आम्ही अडखळलेली अक्षरं मोजतो, आकडा छान येतो आणि त्रास कागदावर येतच नाही. टाळलेले शब्द, टाळलेले फोन हेही लिहायलाच हवं.

दांडियाबाजारकर: बरं. अमेरिकन क्लेमपुरतं माझं चुकलं, कालचं खोडतो. सर्टिफिकेटचंही घाईत बोललो. पण आमच्या केसपेपरवर ‘कधीपासून’चा रकानाच नाही, ते कोण बघणार?

रात्रपाळीवाली: समासात लिहा. पण लिहा.

मांडवीची आई: ते रिक्षाचं डॉक्टरांना सांगू का? मला वाटलं ही काय सांगायची गोष्ट.

स्पीचवाली: सांगाच. आणि तुमच्यासमोर फाइलमध्ये लिहून घ्या, लहेरीपुरा नावासकट.