मदत हवी आहे: नागपुरात फॉस्टर केअरमधलं मूल सांभाळणारं आणखी कोणी आहे का?

मी मानेवाड्याला राहते. मे महिन्यापासून आमच्या घरी नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. दत्तक नाही, फॉस्टर केअर. बाल कल्याण समितीच्या आदेशाने तो आला. त्याच्या घरची परिस्थिती सुधारली तर परत जाईल. नाव, फोटो, मागची हकिकत इथं लिहिणार नाही. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 प्रमाणे ते लिहिताही येत नाही, तेव्हा कृपया विचारू नका.

पोरगा गुणी आहे. फारच गुणी, आणि तेच मला खुपतं. आला तेव्हा नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते कडक तापणारे नऊ दिवस, चालू होता. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बघते तर हा बादलीने कूलरमध्ये पाणी भरतोय. संस्थेत त्याची ती पाळी असायची. "राहू दे बेटा" म्हटलं, तर बादली खाली ठेवून विचारतो, "मग माझं काम कोणतं?" कपाटाचा एक कप्पा रिकामा करून दिला, तरी कपडे अजून पिशवीतच घडी करून ठेवतो.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दिला. गल्लीतल्या पोरांबरोबर घरोघरी बोजारा (खाऊ-पैसे) घ्यायला गेला. एका घरी बाईंनी हातावर दहा रुपये ठेवता ठेवता विचारलं, "तुझी खरी आई कुठं असते रे?" त्यांच्या मनात वाईट नसेल. पण हा पुढच्या घरी गेलाच नाही. नंदी पिशवीत ठेवला, वर कपडे रचले, चेन लावली. त्या रात्री अंथरूण ओलं झालं, आणि मला कळायच्या आत याने चादर धुऊन वाळत घातली होती.

शाळेचं कसंबसं निभावतं आहे, अभ्यासाची तक्रार नाही. अडतं ते माणसांवाचून. नातेवाईक "पुण्याचं काम करताय" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. अशा मुलांना समजून घेणारं समुपदेशन नागपुरात कुठं मिळेल? शेजाऱ्यांना काय उत्तर देता तुम्ही?

आणि सर्वांत तातडीचं: दिवाळीनंतर सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मला दवाखान्यात राहावं लागेल, यांची बुटीबोरीला शिफ्टची ड्युटी. पोटचं लेकरू असतं तर आठ दिवस वर्ध्याला बहिणीकडे पाठवलं असतं. याला पाठवता येतं का? आणि पाठवलं तर त्याला काय वाटेल? पिशवी तर भरलेलीच आहे त्याची.

प्रतिसाद

ताई, आमच्याकडे दोन वर्षांपासून मुलगी आहे, दिघोरीला राहतो. तोंडी परवानगीवर कुठंही पाठवू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या संरक्षण अधिकारी (संस्थाबाह्य) यांना लेखी अर्ज द्या: कारण, तारखा, बहिणीचा पत्ता, सगळं लिहा आणि पोच घ्या. समितीला कळवूनच पुढचं ठरवा. तिथल्या समुपदेशकांची वेळही त्याच फेरीत मागा. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री तुम्हालाच बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, मराठीत बोलता येतं.

तुम्ही पैशांचं विचारलं नाही, तरी सांगते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत फॉस्टर केअरसाठी मुलामागे महिना 4000 रुपये आहेत. राज्याची बालसंगोपन योजना वेगळी, तिचे 2250. आमची फाइल या दोन नावांच्या घोळात पडून राहिली होती. त्याच्या हक्काचे आहेत, संकोच करू नका.

शेजाऱ्यांना मी एवढंच सांगते, "ही आमच्या घरची आहे, बाकीचं तिला विचारू नका." तिच्या समोरच सांगते. तिने ते ऐकायला हवं.

वर्ध्याचं म्हणाल तर उलटं करून बघा. बहिणीलाच आधी दोन-तीनदा तुमच्याकडे राहायला बोलवा. आमच्या पोरीने पिशवी सात महिन्यांनी रिकामी केली. आम्ही कधी हात लावला नाही.

मूळ लेखिका

सात महिने! वाचून रडूच आलं. सोमवारी अर्ज घेऊन जाते. बहिणीला आत्ताच फोन केला, शनिवारी मुक्कामाला येते म्हणाली.

एक विचारू? रविवारी सकाळी लेकीला घेऊन महाराजबागेत याल का? पोरगा वाघ बघायचा म्हणत होता. आल्यापासून त्याने मागितलेली ही पहिलीच गोष्ट आहे. डबा मी आणते.