चोरीच्या मोटरपंपाची किंमत पोलिसांनी कमी लिहिली; नोंद दुरुस्त कशी करून घ्यावी? (मदत हवी आहे)

शेतातील विहिरीवरून चोरीला गेलेल्या मोटरपंपाची किंमत पोलिसांनी फारच कमी नोंदवल्यामुळे आमचे प्रकरण अदखलपात्र ठरले आहे. ही नोंद कायदेशीर मार्गाने दुरुस्त करून घ्यायची आहे, परंतु ठाण्याशी कायमचे वैर न पत्करता. या वाटेने गेलेल्यांनी आणि शक्य असल्यास पोलीस खात्यात नोकरी केलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. गाव आणि ठाणे यांची नावे मुद्दाम देत नाही. पश्चिम विदर्भ, पैनगंगेच्या बाजूचा, विहिरीच्या भरवशावर हरभरा घेणारा पट्टा, एवढे पुरे.

चोरी माझ्या मोठ्या बाबांच्या शेतात झाली. आमच्याकडे शेतीपंपांची वीज पाळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीच्या पाळीत शेतांत राबता असतो. दिवसाच्या पाळीत मात्र अंधार पडल्यावर तिकडे कोणी फिरकत नाही, आणि चोरांना हे वेळापत्रक पाठ असते. सकाळी मोठे बाबा विहिरीवर गेले तेव्हा पाच अश्वशक्तीची पाणबुडी मोटर, स्टार्टर आणि खांबापर्यंतची केबल गायब होती. खालच्या नाल्यात केबलचे प्लास्टिक जाळून तांबे काढून नेल्याची काळी, चिकट राख पडली होती. तिच्यात अर्धवट वितळलेले निळेपिवळे तुकडे आणि बाजूच्या ओल्या मातीत मालवाहू ऑटोच्या चाकांचे ठसे स्पष्ट दिसत होते. त्याचे फोटो माझ्या चुलतभावाने काढून ठेवले आहेत. पोलिसांनी मात्र ती जागा पाहिलीच नाही, आणि दरम्यान गुरांच्या पायांखाली ठसे गेले.

मोटर आणि केबल मिळून २१,४०० रुपयांचे पक्के बिल घरी आहे. मोठे बाबा ६८ वर्षांचे आहेत. ते रिपोर्ट द्यायला गेले तेव्हा ठाणे अंमलदारांनी बिलाकडे पाहून विचारले, ‘बाबाजी, मोटर जुनी हाये ना? भंगारात किती येतीन तिचे?’ मोठे बाबा म्हणाले, ‘साहेब, मोटर भंगारात नाही, विहिरीत व्हती.’ तरीही कागदावर ४,५०० रुपये लिहिले गेले आणि त्यावर त्यांची सही घेण्यात आली. घरी आणलेली प्रत पाहिल्यावर ती प्रथम खबर (एफआयआर) नसून एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, असल्याचे आम्हाला समजले.

हा आकडा ४,५०० च का, याचा उलगडा मला कायदा वाचल्यावर झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनुसार चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय अशा गुन्ह्याचा तपास पोलिसांना करताच येत नाही. म्हणजे कोणी नकार दिला नाही, कोणी आवाज चढवला नाही, बसायला खुर्चीही दिली. फक्त एक आकडा लिहिला आणि तपासाची जबाबदारी संपली. ठाण्यातील प्रलंबित गुन्ह्यांची संख्या कमी दिसावी म्हणून हे केले जाते, असे गावात सर्रास बोलले जाते. आमच्या बाबतीत हेतू तोच होता की निव्वळ कंटाळा, हे मी सिद्ध करू शकत नाही आणि मला त्या भानगडीत पडायचेही नाही.

खरी अडचण घरातूनच आहे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे मोठ्या बाबांचे ठरलेले उत्तर. त्यामागे भीतीपेक्षा हिशेब अधिक आहे: उद्या बांधावरून भांडण झाले, पोराची गाडी अडवली गेली किंवा कोणाचे चारित्र्य पडताळणीचे काम निघाले, तर जायचे त्याच ठाण्यात. पोलीस पाटलांचाही सल्ला ‘आता सोडून द्या’ असाच आहे. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने त्यांच्यावर गावातील गुन्ह्यांची माहिती ठाण्याला कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, पण त्यांनाही त्या ठाण्यात सतत जावे लागते, त्यामुळे मी त्यांना फारसा दोष देत नाही. तंटामुक्त समितीच्या एका सदस्यांनी सामोपचाराने मिटवण्याची सूचना केली. कोणाशी मिटवायचे, चोर तर सापडायचा आहे!

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. आदल्या संध्याकाळी नाल्याजवळ अनोळखी मालवाहू ऑटो उभा असलेला माझ्या मोठ्या आईने पाहिला होता आणि ती जबाब द्यायला तयार आहे. परंतु बाईमाणसाने ठाण्यात जाऊ नये, यावर घरातील सर्व पुरुषांचे एकमत आहे. हा समज निराधार आहे, असे म्हणणे मला कठीण जाते. १९७२ मध्ये आपल्याच विदर्भातील देसाईगंज म्हणजे वडसा येथील ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवलेल्या पोलिसांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये निर्दोष सोडले; त्यावर देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला. जुन्या पिढीला कलमे ठाऊक नसतील, पण ठाण्याविषयीची धास्ती घराघरांत उतरली आहे. माझ्या वाचनानुसार नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १७९ प्रमाणे महिला साक्षीदाराला तसेच ६० वर्षांवरील पुरुषाला जबाबासाठी राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. हे कलम बीट जमादारांना दाखवावे, तर ‘आम्हाला कायदा शिकवता का?’ असा सूर निघण्याची धाकधूक आहे.

सगळेच पोलीस तसे असतात, असे माझे मत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातून बैलजोडी चोरीला गेली तेव्हा तत्कालीन बीट जमादार मालकाला सोबत घेऊन पहाटेच शेजारच्या तालुक्यातील गुरांच्या बाजारात उभे राहिले आणि दावणीला बांधलेली जोडी त्यांनी ओळखून काढली. चहाचे पैसेही त्यांनी स्वतःच दिले, ही गोष्ट गावात आजही सांगितली जाते. त्यांची बदली झाली आणि त्यांच्यावर असलेला गावाचा विश्वास नव्या माणसाकडे काही आला नाही.

आता नेमके विचारायचे ते असे. एनसी नोंदवली गेली असल्यामुळे, किंमत दुरुस्त करून प्रथम खबर नोंदवावी असा अर्ज बिलाच्या प्रतीसह आधी ठाणेदारांकडे देऊन पोच घ्यावी, की कलम १७३(४) प्रमाणे थेट पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवावा? ते कलम माहिती नोंदवण्यास नकार दिल्यास लागू होते. आमची माहिती नोंदवली, पण चुकीची नोंदवली, याला नकार म्हणता येईल का? दखलपात्र गुन्ह्याची प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे, त्याचा उल्लेख अर्जात करावा की अर्ज साधाच ठेवावा? अधीक्षकांकडून काही न झाल्यास प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली जावे, की एनसीच्या तपासासाठी कलम १७४ खालीच आदेश मागणे सोपे पडेल? कोणी प्रत्यक्ष केले असल्यास कृपया अनुभव सांगावा.

किमतीविषयीचा संवाद अंमलदारांच्या टेबलासमोर झाला. प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे असावेत आणि ते चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपावे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले होते. ते चित्रण जपून ठेवावे असा अर्ज कोणाच्या नावे करावा आणि माहितीच्या अधिकारात ते कोणाला मिळाले आहे काय? अर्थात, असा अर्ज करणे म्हणजे उघड संघर्ष पुकारणे होईल, याची मला जाणीव आहे; म्हणून तो पहिल्याच टप्प्यावर करावा की राखून ठेवावा, यावरही मत हवे आहे.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात विभागीय तक्रार प्राधिकरणाची तरतूद आहे, परंतु ते गंभीर गैरवर्तनासाठी असल्यामुळे आमच्या प्रकरणात ती पायरी मला अतिरेकी वाटते. अमरावती विभागातील कोणाचा वेगळा अनुभव असल्यास जरूर सांगावा.

वकील सुचवायचे असल्यास तालुक्याच्या न्यायालयात नेहमी उभे राहणारे सुचवावेत. तालुका विधी सेवा समितीकडून अशा कामासाठी मदत मिळते का, हेही कळवावे. नागपूरपर्यंत जाण्याची ऐपत नाही आणि एका मोटरसाठी तेवढे जाण्याची मोठ्या बाबांची तयारीही नाही. बिल, एनसीची प्रत आणि राखेचे फोटो आमच्याकडे सुरक्षित आहेत. आणखी कोणता कागद आताच जमवून ठेवावा, तेवढे आधी सांगितले तरी काम सुरू करता येईल.