होबी १६ (दोन हल, म्हणजे दोन जोड सांगाड्यांची शिडाची बोट) एकट्याने, वारा १८ नॉट (ताशी सागरी मैल): जिब (पुढचं छोटं शीड) उतरवून जावं का?

खाडीकाठ: माझं वजन ६८ किलो. गोव्यात दोना पावलाजवळ एप्रिलच्या दुपारी वायव्येचा वारा १५–१८ नॉट भरतो. टॅक करताना (नाक वाऱ्यातून पार नेऊन दिशा बदलताना) बोट नाक वाऱ्यात खुपसून उभी राहते, आणि आडव्या वाऱ्यावर वाऱ्याखालच्या हलची नाळ (पुढचं टोक) पाण्यात शिरते. जिब काढून फक्त मेनवर (मोठ्या शिडावर) गेलं तर?

डावं_सुकाणू: जिब काढू नका. होबी १६ ला डॅगरबोर्ड (पाण्यात खाली सोडायच्या उभ्या फळ्या) नाहीत, जिब गेलं की बोट वाऱ्याकडे ओढते आणि टॅक आणखी बिघडतो. शिवाय डोलकाठीचा ताण जिबच्या तारेवर असतो, नुसत्या फोरस्टेवर (डोलकाठी पुढून धरणाऱ्या तारेवर) ती ढिली पडून हिंदकळते.

त्यापेक्षा मेन चपटं करा: डाउनहॉल (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) करकचून, मेनशीट (मेन ओढायची-सोडायची दोरी) ताणलेली, ट्रॅव्हलर (मेनशीटचं आडवं सरकणारं टोक) मध्यापासून २०–३० सेंमी खाली. टॅकला वेग हवाच. टिलर (सुकाणूचा दांडा) हळू ढकला, झटका दिलात तर सुकाणूची पाती ब्रेकसारखी बोट अडवतात. नाक वाऱ्यापार जाताना मेन हातभर सोडा, जिब मात्र उलट बाजूने फुगेपर्यंत तसंच धरा. अडकलातच तर मेन पूर्ण सोडा. बोट मागे सरकू लागली की जिकडे नाक हवं तिकडेच टिलर, आणि जिब त्याच्या विरुद्ध बाजूला ओढून धरा.

नाळ शिरते तेव्हा तुम्ही फार पुढे बसलेले असता. मागच्या क्रॉसबारजवळ (दोन हल जोडणाऱ्या दांड्याजवळ) सरका, दोन्ही शीट (मेन आणि जिबच्या दोऱ्या) हातात ठेवा. झोत आला की आधी शीट सोडा. त्याच क्षणी वाऱ्याखाली (वाऱ्यापासून दूर) वळलात तर शिडात जोर वाढतो आणि बोट नाकावर उलटते.

मतलई: टॅकपेक्षा मोठा प्रश्न, उलटल्यावर सरळ कोण करणार? बोट १४५ किलोची, तिला साधारण १३५ किलोचा भार लागतो. ६८ किलोचा माणूस बोट सरळ करायच्या दोरीला नुसता लोंबकळतो. ७५ लिटरची पाण्याची पिशवी घ्या. पण पाण्यात बुडालेली पिशवी काहीच वजन देत नाही, ती कप्पीने वर घेऊन पाठीवर लटकवावी लागते.

आधी दोन्ही शीट क्लीटमधून (दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेतून) मोकळ्या. मग नाळेकडे सरकून नाक वाऱ्याकडे वळवा, म्हणजे डोलकाठी थोडी उचलली की वारा शिडाखाली शिरून मदत करतो. दोरी वरच्या हलवरून घेऊन मागे झुका. उठताच खालचा क्रॉसबार पकडा, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला कोसळते. बोट सोडून पोहू नका, आडवी बोट वाऱ्याने तुमच्यापेक्षा वेगाने वाहते.

डोलकाठी ८ मीटरची आहे. त्याहून उथळ पाण्यात बोट पूर्ण पालथी झाली तर शेंडा चिखलात रुततो, म्हणून मास्ट फ्लोट (डोलकाठीच्या शेंड्यावरचा तरंगता फुगा) लावाच. हे सगळं १० नॉटमध्ये, जवळ दुसरी बोट ठेवून, आधी करून बघा.

खाडीकाठ: पिशवी वर घ्यायला ४:१ ची कप्पी पुरेल?

मतलई: पुरेल. ७५ किलोला हाताशी १९ किलोच्या आसपास येतात, घर्षण वेगळं. ओल्या हाताने बारीक दोरी घसरते, ८ मिमीपेक्षा बारीक घेऊ नका.